वहिनीच्या गाडीचा लॉकर

आमच्या दादाला गॅरेजमध्ये कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं: "हाताला कळतं." नट किती आवळायचा? हाताला कळतं. बेअरिंग गेलंय की अजून थोडं चालेल? चाक धरून हलवायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, हाताला कळतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून, मध्ये फक्त एक पत्र्याचं दार. त्यामुळे हे वाक्य मी दिवसभर ऐकत बसायचे. जोर मोजून नट आवळायचा एक चांगला पाना मी त्याला आणून दिला होता. त्याने तो भिंतीवर टांगला आणि त्याच्यावर स्वतःची टोपी अडकवायला लागला.

पण हात होतेही तसेच. थोरला भाऊ म्हणून कौतुक करत नाहीये, मला कौतुक करायची सवयच नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पंजा रुंद, बोटं जाड, आणि तरी गाडीखाली उताणा पडून, न बघता, नखाएवढा वायसर जागच्या जागी बसवायचा. वडील गेले तेव्हा शाळा सोडून तो ह्या गॅरेजात लागला. मालक म्हातारे झाले, त्यांची मुलं दुसरीकडे गेली, आणि गॅरेज ह्याच्या गळ्यात पडलं. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय, आणि बोलणं इतकं कमी की गिऱ्हाइकाला वाटावं हा रागावलाय. त्याच्याकडे जे काही होतं ते ह्या दोन हातांत होतं. म्हणून त्याला वाटायचं, सगळ्यांचे हात असेच असतात. घोटाळा झाला तो तिथे.

वहिनी ह्याच गॅरेजात आली, गाडीच्या नाकातून वाफा काढत. ती जनावरांना लस टोचायच्या कामावर होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गाई-मेंढ्या असतात, तिथवर लशीचा थंड डबा पोचवायचा, आणि पोचवून वर जनावरांच्या लाथाही खायच्या, असं ते काम. खात्याने मोडीत काढलेली एक जुनी फोर व्हील, म्हणजे वेळ पडली तर चारही चाकांनी ओढणारी, गाडी तिने लिलावात घेतली होती. आखूड, उंच, ताडपत्रीच्या छताची, आणि स्टीअरिंग असं जड की फिरवताना माणसाला आजी आठवावी. दादाने बॉनेट उघडलं आणि वर न बघताच म्हणाला, "ड्रायव्हरला बोलवा, त्याला दोन गोष्टी सांगायच्यात."

"सांगा," वहिनी म्हणाली, "ड्रायव्हर ऐकतेय."

दादाने मान वर केली. त्या दिवशी त्याने जेवायच्या आधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठे मुरतंय. लग्न झालं. लग्नानंतरही गाडी तिचीच राहिली आणि चालवायचीही तीच. दोघं कुठे निघाले की दादा शेजारी बसायचा, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत नाव घालायला नेलेल्या पोरासारखा. लोक हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं. मला एकदा म्हणाला, "ती गाडी चालवते ना, तेव्हा मला गिअरबॉक्सचा आवाज ऐकायला येत नाही." त्याच्या तोंडून ह्यापेक्षा मोठं प्रेमाचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मध्ये एकदा एका गाईने वहिनीचा उजवा हात गोठ्याच्या खांबाशी दाबला. मनगट मोडलं. प्लास्टर होतं तितके दिवस दादाने तिला घास भरवले, तिचे केस विंचरले, आणि वेणी काही जमेना म्हणून वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी केसांना लावून टाकली. ती आम्हाला शेवटी कात्रीने कापावी लागली. हाड जुळलं, पण थोडं वाकडं जुळलं. जड काही उचललं, झटका बसला, की मनगट सुजायचं. वहिनी बाही खाली ओढायची आणि कामाला लागायची. हे दादाला ठाऊक होतं. तो हात त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. हेच मला अजून गिळता येत नाही.

आता त्या घळीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सगळ्यात वरच्या वस्तीच्या अलीकडे रस्ता एका घळीतून जातो. रस्ता कसला, दगडांचा जिना. तिथे गाडी तिरपी व्हायची आणि पुढचं एक चाक अधांतरी लटकायचं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळताना एका चाकाला जास्त फिरावं लागतं आणि दुसऱ्याला कमी, ती सोय ते करतं. पण त्याची एक खोड आहे. एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्या रिकाम्या चाकालाच जातो. ते गरागरा फिरत बसतं आणि जमिनीवर टेकलेलं चाक ढिम्म हलत नाही. घरात जो आयता बसलाय त्याच्याच ताटात तूप, तसा तो प्रकार.

एकदा उन्हाळ्यात वहिनी तिथे अडकली. गाडी तिथेच सोडून लशीचा डबा खांद्याला लावून चालत वर गेली. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि लस फुकट गेली. परत आल्यावर ती माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली, बूट काढले आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला सांगा, घळीचं काहीतरी करा म्हणावं. तिथल्या बाया मेंढ्या धरून सकाळपासून उभ्या असतात हो. मी हात हलवत पोचले. इतकी लाज वाटली मला."

पत्र्याच्या दारापलीकडे दादाचा हातोडा थांबला होता. त्याला सांगायची गरज पडली नाही.

इलाज होता, त्याचं नाव लॉकर. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो, म्हणजे एक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. आमच्या आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "लॉकर? त्यात ठेवायला आहे काय आपल्याकडे?" पुढे कितीतरी दिवस ती शेजारणींना सांगत होती की सुनेच्या गाडीत लॉकर बसवतायत, आणि शेजारणी आमच्याकडे जरा आदराने बघत होत्या.

लॉकर दोन जातींचे मिळत होते. एक बटणाचा. हवेच्या दाबावर चालतो, घळ आली की बटण दाबा, घळ संपली की सोडा, बाकी वेळ गाडी आपली पहिल्यासारखी. पण महाग. शिवाय आतलं बरंच काही बदलायचं, हवेचा पंप लावायचा, गिअरांची जुळणी पुन्हा करायची. दुसरा स्वस्तातला, त्याच्या निम्म्याहून कमी. आहे त्याच डिफरन्शियलच्या पोटात बसतो, बटण नाही, पंप नाही. फोर व्हील लावलं आणि ॲक्सिलरेटर दिला की आपला आपण चाकं बांधतो, पाय काढला की सोडतो. म्हणजे सोडायला पाहिजे. चाकं कधी बांधायची ते तोच ठरवणार, चालवणारा नाही. एक वेल्डिंगवाला मित्र म्हणाला, सरळ आतून वेल्डिंगचा डाग मारून चाकं कायमची बांधून टाक. दादा त्याला म्हणाला, "पुढच्या चाकांना डाग मारणारा एकतर वेडा असतो, नाहीतर गाडी दुसऱ्याची असते." तेवढं शहाणपण त्याला होतं.

पैशाचा विचार त्याने केला ह्यात मी त्याला दोष देत नाही. तो अख्खा जन्म काटकसरीत गेलेला माणूस. पण निवडताना त्याने विचारलं कुणाला? खडी वाहणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं. लाकडाच्या वखारवाल्याला विचारलं, त्याच्या गाडीला तोच स्वस्तातला होता. त्या वखारवाल्याची मान माझ्या कमरेएवढी आहे. तो म्हणाला, "स्टीअरिंग जरा ओढतं, बाकी झकास." दादा त्याच्या गाडीत बसून एक चक्कर मारून आला आणि मला म्हणाला, "मागव. स्वस्तातलाच मागव. स्टीअरिंग ओढतं म्हणतात ते काही नाही, मी बघितलं."

"वहिनीला विचारलंस का?"

"ती ट्रेनिंगला गेलीय. यायच्या आत बसवून टाकतो. बघ कशी खूश होते."

"फोन आहे ना जगात? दादा, चालवणार ती आहे. तिचं मनगट कसं आहे ते तुला माहितेय."

"तुला दुकानात बसून काय कळणार?" तो म्हणाला, आणि आपला पंजा पसरून माझ्यासमोर धरला. "हाताला कळतं."

मी मागवला. दुकान आहे माझं, गिऱ्हाईक मागेल ते मागवायचं.

बसवला त्याने सुरेख, खोटं कशाला बोलू. मग एकटाच घळीवर जाऊन आला. येताना त्याचा चेहरा असा होता की गॅरेजातल्या कुत्र्यानेही शेपूट हलवली. "सरळ चढली," म्हणाला. "चाक लटकलं आणि तरी सरळ चढली. घरच्या पायऱ्या चढावं तशी." दोन दिवस तो कामात शीळ घालत होता. शीळ घालता येत नाही त्याला, नुसती हवा जाते, पण घालत होता.

वहिनी ट्रेनिंगहून आली, तिला सांगितलं, आणि खरंच खूश झाली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर गेली. संध्याकाळी परतली ती माझ्या दुकानात न थांबता थेट घरात. मी मागोमाग गेले. नळाखाली मनगट धरून उभी होती.

"चढली का?"

"चढली ना. सुरेख चढली. बर्फसुद्धा वितळला नाही." मग नळ बंद करून हळूच म्हणाली, "वळायला नको म्हणते हो ती. मी डावीकडे ओढतेय आणि ती सरळ जातेय. मग एकदम टक्कन सुटते आणि स्टीअरिंग हातातून हिसकते. गिअर टाकायला डावा हात काढला की उरला हा एकटा उजवा. वन्सं, ह्यांना नका सांगू आत्ता. एवढ्या हौसेने केलंय."

जेवताना दादाने विचारलंच, "स्टीअरिंग कसं आहे?"

"जरा ओढतं," वहिनी म्हणाली.

"सवय होईल," दादा म्हणाला.

हे दोन शब्द त्याला फार महागात पडले. त्यात वाईट हेतू नव्हता, उलट धीरच द्यायचा होता त्याला. पण एकदा माणूस सवय होईल म्हणाला की समोरच्याने पुढे काय बोलायचं? वहिनीने सवय करायचा प्रयत्न केला. मनगटाला पट्टी बांधून जायला लागली. पहाटे उठून गरम पाण्यात हात बुडवून बसायची. दादा विचारायचा, "घळ?" ती म्हणायची, "चढली." तो समाधानाने निघून जायचा. एकाच ताटावर बसून दोघं दोन वेगळ्या गाड्यांबद्दल बोलत होते.

मग पाऊसकाळात ते झालं. घळीच्या पुढे एक तिरपा टप्पा आहे, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार. चिखल होता. साधी गाडी असती तर एक चाक सटकलं असतं आणि दुसऱ्याने धरून ठेवलं असतं. इथे दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली, सटकली ती दोन्ही. गाडीचं नाक उताराकडे निघालं. वहिनीने जीव खाऊन स्टीअरिंग दरडीकडे ओढलं, तेवढ्यात पुढचं चाक दगडावर आपटलं आणि स्टीअरिंग उलटं फिरलं. तिचा अंगठा स्टीअरिंगच्या आरीत अडकला. गाडी त्या दगडाला अडून थांबली. माणूस वाचला, गाडीला ओरखडासुद्धा नाही. लोक म्हणाले, नशीब. मनगट मात्र पुन्हा गेलं.

ती चालत खाली आली. डबा डाव्या खांद्याला. गॅरेजात येऊन भिंतीवरच्या खिळ्याला किल्ली अडकवली, दादाच्या टोपीच्या शेजारी, आणि म्हणाली, "अहो, गाडी वर आहे. तुम्ही घेऊन या."

आदळआपट नाही, रडणं नाही. मला वाटतं तिने तेव्हा एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या जागी असते तर ह्याला त्या जोर मोजायच्या पान्याने मोजून हाणला असता.

प्लास्टर निघाल्यावर तिने अर्ज केला आणि खालच्या केंद्रात टेबलाचं काम घेतलं. लशी फ्रिजमध्ये लावायच्या, शिक्के मारायचे. आम्हाला कळलं ते मंजूर झाल्यावर. वर जायला मोटरसायकलवाला एक माणूस नेमला. चांगला आहे बिचारा, पण पाऊस असला की जात नाही.

मग एका रविवारी मी बघितलं, दादा गॅरेजात बसून स्वतःच्या उजव्या मनगटाला लाकडी पट्टी बांधत होता. दातात दोरी धरून.

"हे काय चाललंय?"

"अंगठा वळायला नको," म्हणाला. "तिचा वळत नाही ना."

तसाच गाडीत बसला आणि वर गेला. मी दुकान उघडं टाकून त्याच्या शेजारी बसले, म्हटलं हा काही जीवाचं बरंवाईट करून घेईल. घळीत शिरलो. त्याने गिअरसाठी डावा हात काढला, आणि स्टीअरिंगने त्या बांधलेल्या हाताला असा हिसका दिला की तो कळवळला. त्याने गाडी थांबवली. परत केलं. परत हिसका. तिसऱ्यांदा मी म्हटलं, पुरे आता. त्याने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"रोज," तो म्हणाला. "रोज ती हे करत होती. आणि मी विचारत होतो, घळ चढली का."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्याला बांधलेला हात वळवता येत नव्हता. मीच पुसलं, ओढणीने.

त्या आठवड्यात त्याने लॉकर काढला. डिफरन्शियलचे आतले पहिले गिअर धुऊन पुसून परत बसवले. तो जोर मोजायचा पाना भिंतीवरून काढला, टोपी दुसरीकडे ठेवली, आणि प्रत्येक बोल्ट मोजून आवळला. मला त्या पान्याचा टकटक आवाज दुकानात ऐकू येत होता. मग वहिनी केंद्रातून आल्यावर किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"काढला," म्हणाला. "पहिल्यासारखी केलीय. बटणाचा मागवू आपण, तू म्हणशील तेव्हा. किंवा नकोच. तू सांगशील तसं."

वहिनी गाडीत बसली. चालू केली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, वळवली, परत आली. गाडी लोण्यासारखी वळली, मी बघत होते. तिने इंजिन बंद केलं, पण उतरली नाही. उजव्या हाताची मूठ स्टीअरिंगवर आवळलेलीच होती.

"छान झालीय हो," ती म्हणाली. "गाडीत काही नाही आता. पण वळायच्या आधीच हात आवळतो, तो हिसका येणार म्हणून." मग त्याच्याकडे बघून हसली, ते हसणं बघवेना. "हाताला कळतं म्हणता ना तुम्ही. माझ्या हाताला आता नको असंच कळतंय."

तिने हे चिडवायला म्हटलं नव्हतं. पण त्यानंतर ते वाक्य दादाच्या तोंडून कधी आलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, नट किती आवळायचा, तर हा पाना काढतो.

त्यांच्यात बिनसलं वगैरे काही नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर चहा पीत बसतात. वरच्या वस्तीतल्या बाया बाजाराला खाली आल्या की केंद्रावर येऊन तिला भेटतात, तुम्ही कधी येणार विचारतात. ती म्हणते, बघू. घरी येऊन सांगते, अमकीच्या मेंढीला जुळं झालं. दादा मान खाली घालून ऐकतो.

परवा एक जण आला. नवी मोठी चाकं लावलेली गाडी, अंगात उत्साह. म्हणाला, "पुढे स्वस्तातला लॉकर टाकायचाय."

"गाडी कोण चालवतं?" दादाने विचारलं. हल्ली तो आधी हेच विचारतो.

"मीच. कधीमधी बायको."

"मग त्यांना घेऊन या."

"अहो, तिला ह्यातलं काय कळतंय?"

"त्यांना घेऊन या," दादा म्हणाला आणि कामाला लागला. तो माणूस दारातून माझ्याकडे आला, तुमचे बंधू गिऱ्हाईक हाकलतात म्हणून तक्रार करायला. मी म्हटलं, दुकान माझं आहे, डोकं त्याचं आहे, दोन्ही बदलायची सोय नाही.

पण तो बायकोला घेऊन आला. दादाने तिला गाडीत बसवलं, स्टीअरिंग धरायला लावलं, आणि बाहेरून चाक धरून हलवत विचारत राहिला, "इतका झटका चालेल? आणि इतका? खरं सांगा, भीड नको." बाई आधी लाजली, मग नीट सांगायला लागली. नवरा बाजूला उभा राहून फोन बघत होता.

उतरल्यावर तिला कोपऱ्यातली आमची गाडी दिसली. दादा ती दर रविवारी पुसतो आणि जरा वेळ चालू करून ठेवतो.

"ही कुणाची हो? छान ठेवलीय."

"आमच्या मंडळींची."

"अय्या, त्या चालवतात?"

दादाच्या हातात फडकं होतं. तो बराच वेळ एकच बोट पुसत राहिला.

"चालवायची," तो म्हणाला.